पिटुनियाचा मुहूर्त

गेल्या वर्षी तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला एकाच सकाळी तीन गिऱ्हाइकांनी मला एकच प्रश्न विचारला आणि मी तिघांना तीन उत्तरं दिली. विजापूर रोडच्या एका बाईंना म्हटलं, "थांबा अजून, ऊन जरा उतरू द्या." एका शाळेचे शिपाईमामा आले होते, त्यांना म्हटलं, "आजच्या आज लावून टाका, आधीच उशीर झालाय." तिसऱ्याचा फोन होता. त्याला सांगितलं, "यंदा लावूच नका, शेवंती न्या." आमच्या घरचे, म्हणजे माझे मिस्टर, टेम्पोत कुंड्या चढवत होते. ते एरवी फारसं बोलत नाहीत, पण त्या दिवशी हातातली कुंडी खाली ठेवून म्हणाले, "तिघं एकाच गल्लीत राहत असले तर?"

प्रश्न होता, पिटुनिया कधी लावायचा?

मी घरच्यांना समजावून सांगितलं की बाईंचा वाफा पश्चिमेच्या भिंतीला लागून आहे, ती भिंत संध्याकाळपर्यंत तापते. शाळेच्या मैदानात मोकळी हवा आहे. आणि फोनवाल्याच्या गॅलरीत ऊनच येत नाही. ऐकायला फार शहाणपणाचं वाटलं. पण हे कारण मला नंतर सुचलं. उत्तरं देताना जे तोंडात आलं ते मी देऊन मोकळी झाले होते.

अक्कलकोट रोडला आमची नर्सरी आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून माझे हात मातीत आहेत आणि आता नातवंडं शाळेत जायला लागली. येणारे-जाणारे सगळे मला खाला, म्हणजे मावशी, म्हणतात, माझ्याहून वयानं मोठे असलेलेसुद्धा. गुलाब कधी छाटायचा, जास्वंदीवर मावा पडला तर काय करायचं, कढीपत्त्याचं रोप वर्षानुवर्षं वीतभरच का राहतं, हे मला झोपेतून उठवून विचारा. पिटुनियाचं तेवढं विचारू नका. नवी नवरी होते तेव्हा मला याचं चोख उत्तर येत होतं. जसजशी वर्षं गेली, तसतसं ते उत्तर माझ्या हातून निसटत गेलं. या अंकाच्या संपादकबाईंनी सांगितलंय, "वाचकांना उपयोग होईल असं काहीतरी अनुभवाचं लिहा." उपयोगाची हमी मी देत नाही. गोंधळ मात्र पोटभर वाढीन.

ज्यांनी हे फूल पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. पिटुनिया हे थंडीतलं फूल. छोट्या कर्ण्याच्या आकाराचं, पाकळी इतकी मऊ की बोट लावलं तरी सुरकुतते. जांभळा, गुलाबी, पांढरा, लाल, काहींवर चट्टेपट्टे. जमलं तर एकेक रोप असं फुलतं की खालचं पान दिसत नाही. त्याच्या मागण्या दोनच, दिवसा भरपूर ऊन आणि रात्री गारवा. आता सोलापुरात ऊन मागायला कुणाच्या दारात जावं लागत नाही. गारवा मात्र लांबच्या पाहुण्यासारखा वागतो. येतो येतो म्हणून निरोप धाडतो, वाट बघायला लावतो, आणि आला तर चहा उकळेपर्यंत परत निघतो.

म्हणून सगळी कसरत. बी फार लवकर पेरलं तर परतीच्या पावसाच्या ओलीत कोवळी रोपं बुडाशी काळी पडून आडवी होतात. फार उशिरा पेरलं तर फुलं आणि उन्हाळा एकदमच दारात येतात, आणि भर फुलांत झाड करपतं. मधली फट लहान, आणि ती दर वर्षी जागा बदलते.

बी म्हणाल तर बी कसलं, धूळच ती. त्याच्यापुढे मोहरीचा दाणा म्हणजे भोपळा. ते बारीक चाळलेल्या वाळूत कालवून ट्रेमधल्या मातीवर हलक्या हातानं भुरभुरायचं आणि वरून मातीनं झाकायचं नाही. झाकलं की गेलं. पाणीसुद्धा वरून घालायचं नाही, ट्रे पाण्याच्या परातीत ठेवायचा आणि खालून ओल चढू द्यायची. शिंक आली तर आधी तोंड फिरवायचं. माझ्या एका शिंकेनं एकदा सबंध पाकीट शेजारच्या कोथिंबिरीत जाऊन पडलं होतं. त्या कोथिंबिरीत पुढे एक जांभळं फूल आलं, आणि सगळ्या हंगामातलं तेच सगळ्यात देखणं होतं.

हे सगळं मला सासऱ्यांनी शिकवलं. अब्बा एका गिरणीमालकाच्या बंगल्यावर माळी होते. गिरणी बंद पडली, मालक गेले, बंगल्याच्या बागेत गाजरगवत माजलं, तेव्हा त्यांनी ही जागा भाड्यानं घेतली. बोलायचे दखनीत, तेही मोजकंच. पिटुनियाबद्दल त्यांचं एकच वाक्य होतं, "उत्तरा गई के बी डालो, स्वाती गई के रोप लगाव. बीच में किसी से कुछ नक्को पूछो."

आता यातली गंमत बघा. आमचे सण चांद बघून येतात आणि वर्षभर फिरत राहतात. मी ईद उन्हाळ्यातही केलीय आणि थंडीतही. तिच्यावरून पेरणीचा हिशेब धरता येत नाही. म्हणून अब्बा शेतकऱ्यांसारखी नक्षत्रं धरायचे. नक्षत्रं सूर्याबरोबर चालतात, दर वर्षी त्याच सुमाराला येतात. उत्तरा सरते ती सप्टेंबरच्या अखेरीस, स्वाती संपते नोव्हेंबरच्या सुरुवातीला. तेवढ्या मुदतीत धुळीचं बोटभर रोप होतं.

पण शहरातल्या माणसाला स्वाती म्हटलं तर शेजारच्यांची मुलगी आठवते. सोलापूरच्या बायकांनी त्यांचं त्यांचं सोपं करून ठेवलं होतं. घट बसले की बी पेरायचं, तुळशीचं लग्न लागलं की रोप लावायचं. आमच्या घरात घट बसत नाहीत, पण या गावात राहून घट कधी बसतात ते ठाऊक नसलेला माणूस मला दाखवा. बहुतेक वर्षी बायकांचा हिशेब आणि अब्बांचा हिशेब एकमेकांच्या आसपासच पडायचे, म्हणून मीही कुणाला टोकलं नाही. अधिक महिना आला की मात्र घोळ. सगळे सण पुढे सरकतात आणि पिटुनियाला कुणी ते कळवत नाही.

गिऱ्हाइकांच्या तऱ्हा तर विचारूच नका. एक डॉक्टर जोडपं ऐन मे महिन्यात आलं. वास्तुशांत होती, दिवाणखान्यात पिटुनिया हवा होता. मी म्हटलं, "साहेब, बाहेर काय तापलंय बघा." ते म्हणाले, "बाहेर कशाला, आम्ही एसीत ठेवू." मी म्हटलं, "मग उन्हाचं काय करणार?" ते म्हणाले, "ट्यूबलाइट आहे की." लोकांना आज रोप न्यायचं आणि उद्या फुलं बघायची असतात. पी हळद अन् हो गोरी.

दुसरे नवी पेठेतले एक कापडवाले शेठ. दुकानापुढे मांडायला म्हणून भरल्या फुलांच्या कुंड्या घेऊन गेले. मार्च संपता संपता त्याच कुंड्या रिक्षात घालून परत आले.

"खाला, हे बघा. नेला तेव्हा गर्द जांभळा होता. आता बघा, धुऊन काढल्यासारखा झालाय."

"शेठ, ऊन लागलं त्याला."

"ऊन? आमची चादर बारा महिने उन्हात वाळते. आजोबांनी घेतलेली नातू पांघरतो. रंग हलत नाही."

"चादरीला मुळं नसतात, शेठ."

त्यांनी कुंडी फिरवून फिरवून बघितली. मला वाटलं, आता पटलं. तर म्हणाले, "मग आधी सांगायचं ना, कच्च्या रंगाचा माल आहे म्हणून." शेवटी सदाफुलीची रोपं घेऊन गेले. सदाफुलीला सोलापूरचं ऊन काही करत नाही, म्हणूनच तिला कुणी विचारत नाही.

ही झाली हसण्यावारी न्यायची माणसं. सुनंदाचं तसं नाही. खरं तर तिच्यासाठीच लिहायला बसले, आणि इतका वेळ इकडचं तिकडचं सांगत राहिले, कारण तिचं काय झालं ते मला सांगता येतं, पण कसं झालं ते अजून नीट उमजत नाही.

सुनंदा वळसंगची. एका उन्हाळ्यात पिशव्या भरायच्या कामाला यायला लागली. रोज एसटीनं येणार, एसटीनं जाणार. तिशीची असेल. लग्न होऊन पलीकडे कर्नाटकात दिली होती, तिथून निघून माहेरी आली होती. नवऱ्याचा हात उठायचा. ती हे एकदाच बोलली, माती चाळता चाळता, आणि मीही पुन्हा विचारलं नाही. माहेरी आई आणि भाऊ. भाऊ महादेव वाईट माणूस नव्हता. पण गाव बोलत होतं, सासरची माणसं निरोपावर निरोप धाडत होती, आणि त्याचाही स्वतःचा संसार होता. त्यानं बहिणीला विहिरीजवळचा जमिनीचा एक पट्टा दिला आणि सांगितलं, "संक्रांतीपतुर बघू. तुजं तुज्या पायावर निभलं तर ऱ्हा हितं. न्हायतर ते लोक संक्रांतीला न्यायला येतो म्हनत्यात, त्यांच्यासंगं जा."

सुनंदाच्या हाताला गुण होता. बारीक बी ती असं भुरभुरायची की वाऱ्यालाही कळू नये. मी तिला म्हटलं, "त्या पट्ट्यावर नेट बांध आणि पिटुनियाची रोपं कर. विकायला माझ्याकडे आण, मी मांडते." आमच्या घरच्यांनी जुनं हिरवं नेट आणि बांबू टेम्पोतून नेऊन दिले. कष्टाचं काम, पण तिनं ते एकटीनं उभं केलं.

ते अधिक महिन्याचं वर्ष होतं.

उत्तरा सरली तशी मी माझे ट्रे पेरले आणि तिच्या हातात बियांचं पाकीट दिलं. आठवडाभरानं विचारलं, "उगवलं का गं?"

"पेरलंच न्हाय अजून."

"का?"

"घट कुटं बसल्यात? आमच्यात घट बसल्याबिगर नवं बी उगडत न्हाईत. आय म्हन्ती, घटात रुजलं की मगच बाहेर रुजतंय."

मी कपाळावर हात मारला. "अगं, यंदा अधिक महिना आहे. घट पुढे गेलेत. तुझ्या घटासाठी थंडी थांबणार आहे का? माझी रोपं वर येतील, विकून होतील, आणि तू तुळशीच्या लग्नाला बोटभर रोपं घेऊन बसशील. संक्रांतीला दाखवायला काय असेल तुझ्याकडे?"

ती खाली बघून पिशवी भरत राहिली. मग म्हणाली, "खाला, सगळंच मोडून आले मी. येवढं एक न्हाय मोडत."

मी चिडले होते. आयुष्यात क्वचित मला पिटुनियाच्या बाबतीत खात्री असते, आणि त्या वेळी होती.

मग हस्ताचा पाऊस आला. हस्ताचा पाऊस हत्तीसारखा, हे लहानपणापासून ऐकलेलं. तो आला आणि बसूनच राहिला. दिवसा पाऊस, रात्री पाऊस, मधे घाम फुटणारा दमट उकाडा. माझे ट्रे शेडखाली होते, पण हवेतल्या ओलीला शेड कसली अडवणार? आधी एका कोपऱ्यातली रोपं आडवी झाली. मी तो ट्रे बाजूला काढला. मग शेजारचा गेला. अब्बा असायचे तेव्हा ते चुलीतली राख भुरभुरायचे, तीही करून बघितली. घट बसायच्या आत माझी सगळी रोपं गेली होती. अब्बांच्या हिशेबानं, अगदी वेळेवर पेरलेली. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात. आमच्याकडे तेरावा महिना होता आणि वर पाऊस होता.

आणि घट बसले त्या दिवशी लख्ख ऊन पडलं. सुनंदानं घरचा घट मांडला, मग पाकीट उघडलं. तिचं बी झकास उगवलं.

"बगा खाला," ती म्हणाली. ती मला चिडवत नव्हती, तिला नुसता आनंद झाला होता. पण मला तो आनंद सहन होईना. तिची रोपं जगली याचं बरं वाटत होतं आणि चुकीच्या कारणानं जगली याचा राग येत होता. मी बरोबर होते आणि माझी रोपं मेली होती. ती चुकली होती आणि तिचे ट्रे हिरवेगार होते. यातून मी पुढच्या वर्षासाठी काय शिकायचं? घटाची वाट बघायची? पुढच्या वर्षी घट लवकर येणार होते, तेव्हा तिचं बी पावसात सापडणार होतं. असा विचार करत बसले की डोकं दुखायला लागायचं, मग उठून कुंड्या धुवायचे.

पुढे काय झालं तर गोष्ट आणखी गुंतली. माझी रोपं गेल्यामुळे गिऱ्हाईक परत जायला लागलं, म्हणून आमच्या घरच्यांनी पुण्याकडून तयार रोपं आणली. काळ्या पिशवीत, प्रत्येकाला एक-दोन फुलं असलेली. दिवाळीनंतर लोकांनी ती उचलली. सुनंदाची रोपं डिसेंबरात माझ्याकडे आली. बुटकी, भरदार, पानं दाट. मी तर म्हणते, इतकी चांगली रोपं त्या वर्षी पंचक्रोशीत नसतील. पण एकालाही कळी नव्हती.

आणि आमच्या गावची रीत अशी की फूल बघितल्याशिवाय कुणी रोप घेत नाही. खरं तर फूल नसलेलं रोप घ्यावं, ते तुमच्या मातीत मुळं धरतं आणि मग फुलतं. फुलावर आलेलं रोप म्हणजे नटूनथटून प्रवासाला निघालेली बाई, घरी पोचेपर्यंत दमते. हे मी सांगून सांगून थकले. लोक यायचे, सुनंदाच्या ट्रेपुढे उभे राहायचे आणि म्हणायचे, "फूल कुठंय?" मी म्हणायचे, "येईल." ते म्हणायचे, "कोणत्या रंगाचं?" मी म्हणायचे, "मिक्स बी आहे, आलं की कळेल." मग ते पुण्याच्या रोपांकडे वळायचे. तीही मीच मांडलेली. स्वतःच्याच दुकानात मी तिच्या वाटेत उभी होते.

कळी का येत नव्हती? मी रोज वेगळं कारण शोधायचे. पेरायला उशीर झाला म्हणून. किंवा महिनाभर आभाळ ढगाळ राहिलं, ऊन मिळालं नाही म्हणून. किंवा रोप भरदार व्हावं म्हणून सुनंदानं शेंडे एकदा खुडायचे ते दोनदा खुडले म्हणून. दोनदा खुडायला तिला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. तिला वाटलं, एकदा खुडून एवढं भरतं, तर दोनदा खुडून आणखी भरेल. भरलं, हेही खरं.

ती रोज सकाळी आली की आधी ट्रेपाशी जायची, खाली वाकून पानांच्या बेचक्यात बघायची आणि मग कामाला लागायची. एकदा मी मुद्दाम लांबून बघितलं. ती पानांशी कुजबुजत होती. काय म्हणत होती ते ऐकू आलं नाही, आणि आलं असतं तरी मी इथे लिहिलं नसतं.

भोगीच्या आदल्या दिवशी महादेव आला. मोटारसायकलवर मागे उसाची मोळी बांधलेली होती, गाडीला हरभऱ्याचे डहाळे लटकत होते. संक्रांतीचा बाजार करून येत असावा. सुनंदा पलीकडे पाइप धरून ट्रे भिजवत होती. तिनं भावाला बघितलं आणि पाठ फिरवून पाणी घालत राहिली.

"खाला, सलाम," तो म्हणाला. "हिची रोपं कुटली?"

मी दाखवली. तो उकिडवा बसला. शेतकऱ्याची नजर होती, आधी पानाची खालची बाजू बघितली, मग एक रोप हलक्या हातानं मातीसकट उपसून मुळं बघितली.

"मुळी तर लई झ्याक हाय."

"रोपं चांगलीच केलीत तिनं."

"मग इकली का न्हाईत?"

"फूल नाही म्हणून."

तो रोप हातात धरून तसाच बसला. "सासरचे उंद्या निगत्यात तिच्या. संक्रांतीला हितं येत्यात. मी शबुद दिला हाय त्यास्नी. खाला, खरं सांगा. कवा फुलतंय हे?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. आठ दिवसांत. आयुष्यभर मी हेच उत्तर देत आले. धंद्यातलं उत्तर आहे ते, देणाऱ्यालाही गोड आणि घेणाऱ्यालाही. ते ओठांपर्यंत आलंसुद्धा. आठ दिवस म्हटलं असतं तर ही संक्रांत कदाचित टळली असती. पण नवव्या दिवशी तो पुन्हा येऊन उभा राहिला असता, आणि तेव्हा सुनंदाच्या बाजूनं बोलायला माझ्याकडे काही उरलं नसतं. आणि मनातलं सांगते, खोटं बोलायलाही थोडी खात्री लागते. माझ्याकडे तेवढीसुद्धा नव्हती.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

"म्हंजे?"

"म्हणजे माहीत नाही. उशिरा पेरलं म्हणून अडलं म्हणावं, तर माझं वेळेवर पेरलेलं सगळं मेलं. ढग म्हणावेत, तर तिकडे माझा गुलाब त्याच ढगांत फुललाय. मी इतकी वर्षं लोकांना सांगत आले, कधी लावा, कधी फुलेल. यंदा मला काहीच कळत नाही, महादेव. उद्या फुलेल, महिन्यानं फुलेल. रोप चांगलं आहे, एवढंच मी सांगू शकते."

मला वाटलं, तो उठेल आणि बहिणीला हाक मारील. त्यानं हातातलं रोप परत खाचेत ठेवलं आणि अंगठ्यानं माती दाबली. बराच वेळ दाबत राहिला.

"आमच्या तुरीचं बी तसंच झालं," तो म्हणाला. "फूल आलं, गळालं. मी म्हनलं, गेली तूर. तर परत आलं. आता कवा काडायची, इचारा मला. शेजारी रोज इचारतोय. काय सांगू त्याला? माजा बाप आबाळाकडं बगून सांगायचा. मी बगतो तर नुसतं आबाळ दिसतंय."

मी समोरच्या ट्रेमधलं एक पिवळं पान खुडलं.

"तुमाला ठावं न्हाय, मला ठावं न्हाय," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "मग मी तरी संक्रांत कशाला धरून बसलोय?"

तो उठला, खिशातून मोबाइल काढला आणि फाटकाशी जाऊन उभा राहिला. अक्कलकोटकडे जाणाऱ्या गाड्यांचा आवाज होता, त्यामुळे त्याला मोठ्यानं बोलावं लागलं. आधी थोडं कानडीत बोलला, ते मला कळलं नाही. मग मराठीवर आला.

"न्हाय, न्हाय. येऊ नका. निगू नका तिकडनं. ती येत न्हाय." मधे बराच वेळ तो ऐकत राहिला. पलीकडून काहीतरी जोरात बोलत होते. मग तो म्हणाला, "कवा म्हंजे? ते मला बी म्हाईत न्हाय."

फोन खिशात टाकून तो परत आला. डहाळ्यांची एक जुडी माझ्यापुढे ठेवली, म्हणाला, "भाजून खावा," आणि गाडीला किक मारून गेला. बहिणीशी एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बहुतेक दोघांनाही ते झेपलं नसतं.

सुनंदा पाठमोरीच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं, कारण तिच्या हातातला पाइप मघापासून एकाच ट्रेवर धरलेला होता. ट्रे भरला, वरून सांडायला लागला, पाणी बांधावरून खाली आलं आणि माझ्या चपलांपर्यंत पोचलं. पिटुनियाला इतकं पाणी घातलं तर मूळ कुजतं. शिवाय सोलापुरात पाण्याचा थेंब सांडला तर मी अख्खी नर्सरी डोक्यावर घेते, हे तिलाही ठाऊक होतं. माझे डोळे भरून आले होते आणि मला समोरचं काही नीट दिसत नव्हतं. ती तशीच उभी राहिली, खांदे हलत होते, आणि मी नळ बंद करायला उठले नाही.